मुक्कामाची खोली आणि घरची चादर



स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासावर लिहा’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच शाळेत मनावर ठसलेले, आणि त्यांतल्या सनावळ्या तर तेव्हाही पाठ होत नसत. पण आपल्या मंडळाची सहल गेली होती, तिच्यामुळे मला हा विषय सापडला.

सहलीत होत्या त्या भगिनींना ती रात्र आठवत असेलच. एका तीर्थक्षेत्री आपण लॉजवर उतरलो. नऊजणी, तीन खोल्या. दार उघडले तरी एकीनेही हातातली पिशवी खाली ठेवली नाही. एकीने नाक पुढे करून वास घेतला, एकीने गादी उचलून पाहिली, एक सरळ मोरीत शिरली. उशीच्या अभ्र्यावर तेलाचा पिवळा डाग, गादीच्या शिवणीत काळे ठिपके, आणि कोपऱ्यात कोणा आधीच्या उतारूचा कंगवा. खालचा माणूस शपथेवर सांगत होता की चादरी सकाळीच बदलल्या आहेत. आपल्यातल्या एक मावशी रात्रभर खुर्चीवर बसून राहिल्या. सकाळी बसमध्ये सगळ्या खाजवत होत्या, आणि त्या मावशी म्हणाल्या, “पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी लोक यात्रेला जायचे, पण सगळं कसं स्वच्छ असायचं.”

हे ‘पूर्वी’ म्हणजे नक्की केव्हा, असा विचार माझ्या मनात आला. आपण नाशिकच्या बायका. आपल्या गावात हजारो वर्षे लोक गोदावरीच्या स्नानाला येत आहेत. म्हणजे दुसऱ्याची गादी उचलून पाहणाऱ्या आपण जितक्या, त्याहून आपली गादी उचलून पाहणारे कितीतरी पटींनी अधिक! माझ्या सासरी पंचवटीत वाड्याच्या दोन खोल्या यात्रेकरूंना देण्याची रीत जुनी आहे, तेव्हा मी चादरीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. धाकट्या मुलीला सार्वजनिक वाचनालयात पाठवून पुस्तके आणवली. (हे वाचनालय १८४० सालचे आहे, आणि मी लग्न होऊन आल्यापासून त्यापुढून जात असूनही आत कधी गेले नव्हते.) वाचता वाचता जे हाती लागले ते सांगते.

आगगाडी येण्यापूर्वी यात्रेकरू पायी नाही तर बैलगाडीने येई. घरून निघताना तो अर्धे घर बांधून आणी. वळकटीत सतरंजी आणि कांबळे, पडशीत शिधा, सोवळ्याची धाबळी वेगळी, आणि हातात फिरकीचा तांब्या. हा तांब्या आता शोभेच्या कपाटात बसला आहे. पण वाटेतल्या धुळीपासून आणि परक्याच्या हातापासून आपले पाणी वाचवावे, एवढ्याचसाठी कोणा शहाण्या तांबटाने त्याला फिरकीचे झाकण केले. पुढे साहेबी काळात वळकटीचा होल्डॉल झाला. त्याचे पट्टे आवळताना माझे वडील त्यावर गुडघा देऊन बसत, ते मला अजून दिसते. तांब्या काय, होल्डॉल काय, दोन्ही एकाच काळजीची लेकरे. मुक्कामाच्या जागेचा भरवसा नाही, तेव्हा आपले आपल्याबरोबर.

धर्मशाळा म्हणजे तरी काय, दगडी ओवऱ्या, पुढे अंगण, जवळ विहीर किंवा नदी. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभरच्या तीर्थांच्या ठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचे नाव आपल्या नाशिकातही घेतले जाते. अशा धर्मशाळेत खाट नसे, गादी नसे. जमीन शेणाने सारवायची, आपली सतरंजी पसरायची, तीन दगडांची चूल मांडायची. गादीच नाही तर गादीतले ढेकूण कोठून येणार? इतपत मावशींचे म्हणणे बरोबर आहे. पण आधीच्या मंडळींची राख, खरकट्या पत्रावळी, पोरांनी कोपऱ्यात केलेली घाण, हे आलेल्या बाईनेच उपसावयाचे. दिवसभर चालून आलेल्या बाईने आधी खराटा शोधायचा आणि मग पदर खोचायचा. पुरुष तोवर नदीवर.

ज्यांचे क्षेत्रोपाध्ये ठरलेले असत ते त्यांच्याकडे उतरत. आपल्याकडच्या उपाध्यायांच्या वह्या प्रसिद्धच आहेत. गाव आणि कूळ सांगितले की वही उघडून आजोबा-पणजोबा केव्हा आले होते ते दाखवतात, आणि वाचताना माणसाच्या डोळ्यांत पाणी येते. मीही पाहिल्या आहेत. त्यांत शेकडो वर्षांचे पुरुष सापडतात. त्यांच्यासाठी अंथरूण कोणी घातले, ते गेल्यावर खोली कोणी सारवली, ही नावे मात्र वहीत नाहीत.

त्या काळचा पाहुणाही खोलीची चौकशी करी, पण ती निराळ्या गोष्टीची. खोली झाडलेली आहे का, यापेक्षा खोलीत आधी कोण उतरले होते, हे त्याला आधी कळावे लागे. पाणी कोणी भरले, चुलीला कोणाचा हात लागला, शेजारच्या ओवरीत कोण आहे. ही सोवळ्याची चौकशी. सोवळे आणि स्वच्छता या दोन गोष्टी आपण लहानपणापासून एकच समजत आलो, मीही समजत होते. त्या एक नाहीत, हे मला या वाचनात उमजले. ओले धोतर नेसून चिखलातून चाललेला माणूस सोवळ्यात असतो, आणि साबणाने हात धुतलेला माणूस ओवळ्यात असू शकतो.

१८६५ साली थळघाटातून आगगाडी वर चढली आणि नाशिक मुंबईहून एका दिवसाच्या अंतरावर आले. पुढे नाशिकरोडपासून गावात घोड्यांची ट्रामही होती. महिनोन्‌महिन्यांची यात्रा चार दिवसांची झाली, गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. आजाऱ्याच्या जुलाबा-उलट्यांतले विष पाण्यात गेले की ते पाणी पिणारा आजारी पडतो. हे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने इजिप्तमध्ये आणि मग १८८४ साली कलकत्त्याला शोधून दाखवले. त्याआधी लोकांचा समज होता की ही देवीची अवकृपा आहे किंवा वाईट हवा आहे. आता आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आणा. हजारो लोक एकाच कुंडात उतरतात, तेथेच कपडे पिळतात, आणि तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने पितात, शिवाय घरी न्यायला गडवे भरून घेतात. यात्रेकरू घरी पोचेपर्यंत पटकी त्याच्याही आधी गावात पोचलेली असे.

सरकारने १८६७ साली सराईंचा कायदा केला होता. सराई म्हणजे प्रवाशांना उतरण्याची जागा. तो कायदा मी मुलीकडून मराठीत समजून घेतला, आणि मला त्याचे नवल वाटले. सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि विहीर साफ ठेवावी, साथीचा रोगी आढळला तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावे, भिंती, छप्पर, फाटक दुरुस्त ठेवावे, रखवालदार नेमावा, आणि दराचा फलक सर्वांना दिसेल असा लावावा. हे सारे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले! आपल्या सहलीच्या लॉजवर यातले दराचा फलक तेवढा दिसला, आणि त्यावरही जुन्या आकड्यांवर नवे आकडे चिकटवलेले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि तेथून तो आगगाडीच्या वाटेने मुलुखभर पसरला. १८९७ च्या साथरोगाच्या कायद्याने स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. बायकांच्या काखा आणि जांघा चारचौघांत तपासल्या गेल्या, लोकांची अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर परगावच्या पाहुण्याला लोक दारात उभे करीनात, आणि पाहुणाही परक्याच्या ओसरीवर पाठ टेकायला भिऊ लागला. गावेच्या गावे शेतांत झोपड्या बांधून राहिली. मुक्कामाच्या जागेची भीती दोन्ही बाजूंनी एवढी कधी नव्हती. अलीकडे २०२० साली करोनात आपण सर्वांनी तिची चव पुन्हा घेतली, तेव्हा ती समजावून सांगायला नको.

आता ढेकणांविषयी थोडे. या विषयावर मी हक्काने बोलू शकते. घरोघरी खाटा आणि गाद्या आल्या, मग लॉजिंग-बोर्डिंगे निघाली, आणि ढेकणांना कायमचे घर मिळाले. ढेकणाला पंख नाहीत. तो स्वतः फार लांब जात नाही. त्याला आपणच पिशवीतून, वळकटीतून, कपड्यांच्या घडीतून नेतो. दिवसा तो फटीत, शिवणीत, खाटेच्या सांध्यात आणि भिंतीवरच्या तसबिरीमागे बसतो, रात्री बाहेर पडतो. रक्त न मिळता तो महिनोन्‌महिने जगू शकतो, म्हणून बंद खोली म्हणजे स्वच्छ खोली असे समजू नये. त्याच्या चाव्याने खाज सुटते, झोप जाते, पण तो रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही, तेवढी तरी कृपा. आमच्याकडे दर उन्हाळ्यात खाटा अंगणात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावयाचे, गाद्या कडक उन्हात उलटसुलट करावयाच्या, हा सणच असे.

मग डीडीटी आली. १९३९ साली पाऊल म्युलर या स्विस माणसाने तिचा कीटक मारण्याचा गुण शोधला, १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ पासून आपल्या देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम निघाली, फवारणीवाले घरोघर भिंतींवर पांढरे ठिपके ठेवून गेले, आणि डासांबरोबर ढेकूणही मेले. सासूबाई सांगतात की पहिली काही वर्षे अगदी रामराज्य होते. पण ढेकूण हा चिवट प्राणी. त्याला ते औषध लवकरच पचू लागले. साहेबाच्या देशातून तो जवळजवळ नाहीसा झाला होता, तिकडेही या शतकाच्या सुरुवातीपासून तो पुन्हा आला आहे. २०२३ साली पॅरिससारख्या शहरात त्याच्यावरून केवढा गोंधळ माजला! तेव्हा लॉजच्या गादीत ढेकूण निघाला म्हणजे आपले नशीबच फुटके असे समजण्याचे कारण नाही.

असो. ढेकूण उकळत्या पाण्याने मरतो, पटकीचे जंतूही मरतात. सोवळ्यातली ती चौकशी मात्र उकळत्या पाण्याने मरत नाही, आणि खरा इतिहास मला तेथेच दिसतो.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेले. कोणत्याही हिंदू खानावळीत जागा मिळेना, म्हणून ते आपली ओळख लपवून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. त्या जागेचे वर्णन त्यांनीच लिहून ठेवले आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, तिला लागून मोठे दालन, त्यात मोडकी बाके आणि अडगळ, अंधार, आणि वटवाघळे. एकट्याने रात्री काढावयाच्या, उजेड एका कंदिलाचा. आपल्यापैकी कोणी अशी जागा पाहून उंबरठाही ओलांडला नसता. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली, ती कशासाठी? या गृहस्थाने आमचा पथिकाश्रम बाटवला म्हणून! अडगळीने ती जागा बाटली नव्हती, वटवाघळांच्या विष्ठेने बाटली नव्हती. पुस्तकांची पेटी घेऊन आलेल्या, रोजचे भाडे देणाऱ्या माणसाने ती बाटली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

या गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे घाण काढायची कोणी. १८९८ च्या सुमारास गांधीजी आफ्रिकेत दरबान शहरी राहत. घरात त्यांचे कारकूनही उतरलेले असत. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या, रात्रीची भांडी असत, आणि ज्यांनी आपले भांडे स्वतः नेले नाही त्यांचे नवरा-बायकोने काढावयाचे. एक नवे पाहुणे अस्पृश्य आईबापांच्या पोटी जन्मलेले ख्रिस्ती होते. त्यांचे भांडे उचलून कस्तुरबा रडत रडत जिना उतरल्या, तर गांधीजी रागावले, हे काम हसतमुखाने झाले पाहिजे म्हणून. रागाच्या भरात त्यांनी बायकोला हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले. पुढे त्यांनी स्वतःच ही गोष्ट लाजत लिहिली आहे. कस्तुरबांच्या मनात अस्पृश्यतेचा विटाळ होता, तो चुकीचाच. परंतु परक्याच्या खोलीतले भांडे उचलावे लागणाऱ्या बाईला शिवाय हसायलाही सांगणे, हे मला पटत नाही. या एका बाबतीत मी कस्तुरबांच्या बाजूची आहे. तीन वर्षांनी, १९०१ साली, कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधींच्या मुक्कामावरचे संडास भरून वाहत होते. स्वयंसेवक म्हणाले, ते काम भंग्याचे. तेव्हा गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरता एक संडास साफ केला. हे मात्र खरे.

पण झाडूच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राला कलकत्त्याकडे पाहावे लागत नाही. गाडगे महाराज (जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यात, निधन २० डिसेंबर १९५६) यांच्या नावाचा पूल आणि धर्मशाळा आपल्या गोदाकाठी आहेत. चिंध्यांचा झगा, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडावयाचा, मग रात्री कीर्तन. पंढरपूरला त्यांनी पाहिले की वारीच्या दिवसांत महार समाजाच्या वारकऱ्यांना उतरायला जागा नाही. बाकीच्यांच्या धर्मशाळा त्यांना बंद. म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने तेथे धर्मशाळा उभी केली, आणि पुढे पंढरपुरातली आपली इमारत बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. लोकांकडून लाखो रुपये गोळा केले, देहू, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र आत पक्क्या खोलीत न राहता बाहेर राहत. मला त्यांच्यात मोठे वाटते ते हे की त्यांनी सोवळ्याच्या चौकशीला खराट्याने उत्तर दिले. आत कोण आले होते ते विचारू नका. जागा झाडलेली आहे की नाही ते बघा.

आपल्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे होऊन चालवला, त्यात बायकाही होत्या. मंदिराचे दार हा मोठा प्रश्न, तो सर्वांना माहीत आहे. पण सत्याग्रहाला बाहेरगावाहून आलेली माणसे रात्री पाठ कोठे टेकत असतील, हा प्रश्न माझ्यासारख्या खोल्या देणाऱ्या घरातल्या बाईच्या मनात आल्यावाचून राहत नाही. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाडेच वाडे होते, आणि खोल्याही होत्या.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली, आणि १९५५ सालच्या कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना ही नावे घालून लिहिले की तेथील जागा आणि भांडीकुंडी वापरण्यास कोणालाही आडकाठी करणे हा गुन्हा होय. कायदा आला. आता आमच्या घरचे सांगते, कारण दुसऱ्याच्या बडोद्याचे सांगून आपले झाकणे बरे नव्हे.

१९६८ साली नाशिकला सिंहस्थ होता. सासूबाई तेव्हा सतरा वर्षांच्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. श्रावणातली संध्याकाळ, पाऊस लागलेला. एक बाई लहान मूल घेऊन दारात आली, बरोबर म्हातारी आई. मुलाच्या अंगात ताप होता. आमच्या आजेसासूबाईंनी ओट्यावरून गाव विचारले, मग नाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि म्हणाल्या, “खोली भरलेली आहे.” ती बाई काही न बोलता पायऱ्या उतरली. मग आजेसासूबाईंनी सुनेला घागर आणायला लावून ओटा धुवून घेतला.

ही गोष्ट सासूबाईंनी मला २००३ च्या सिंहस्थात सांगितली. आम्ही दोघी त्याच खोलीत चादरी घालत होतो. “खोली रात्रभर रिकामीच होती गं,” त्या म्हणाल्या. “सकाळी मीच झाडली होती. इतकी स्वच्छ झाडली होती!” आजेसासूबाई तेव्हा हयात होत्या, शेजारच्या खोलीत जप करीत होत्या. त्यांनी ऐकले की नाही, मला कळले नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. माझ्या मुलीच्या जन्मानंतर त्यांनी माझे हाताने केले. तरी त्या संध्याकाळचे जे आहे ते आहे.

त्याच २००३ साली माझा मानही दुखावला गेला, तेही लिहिते. विदर्भातल्या एक बाई उतरल्या होत्या. मी सोड्याच्या पाण्यात भिजवून, आपटून, नीळ घालून धुतलेली चादर त्यांच्यादेखत पलंगावर घातली. त्यांनी गोड हसून पिशवीतून स्वतःची चादर काढली आणि माझ्या चादरीवर पसरली. मला रडू आले. सासूबाई म्हणाल्या, “तू किती वेळा धुतलीस ते त्यांना कसं कळणार? चादर काही बोलत नाही.”

त्या गेल्या तेव्हा खोली झाडून गेल्या, आणि माझी चादर घडी मोडल्यावाचून तशीच. आता खरे सांगते. आपल्याकडची पर्वणीची स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. आठ आठ दिवस ऊन नसते, दोरीवर चादरी तीन दिवस ओल्याच, माणसे दारात उभी. ती वापरलेली नव्हती असे मनाला समजावून मी तीच चादर पुढच्या मंडळींना न धुता घातली. पुढे आणखी एकदा तसेच केले, आणि त्या वेळी ती वापरलेली होती, एकच रात्र. म्हणून सहलीत तो लॉजवाला शपथ घेत होता तेव्हा बाकीच्या भगिनी त्याच्यावर तुटून पडल्या आणि मी गप्प होते. मी गप्प का, असे अध्यक्षबाईंनी विचारले होते. त्याचे उत्तर हे.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी एका लॉजवर खोल्या साफ करण्याचे काम करतात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, सकाळी दहा ते बारा या दोन तासांत पंधरा खोल्या व्हायला लागतात, आणि बाराला नवे गिऱ्हाईक जिन्यात उभे. हिशेब तुम्हीच करा. एका खोलीला आठ मिनिटे. त्यात संडास, मोरी, केर, फरशी आणि पलंग. मग शिवणीतला ढेकूण कोण पाहणार? त्या सांगतात, लोक गेल्यावर खोलीत काय काय टाकून जातात ते पाहिले तर कोण स्वच्छ आणि कोण घाणेरडे याचा अंदाज कपड्यांवरून कधी बांधू नये.

आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आला आहे. आम्ही दोन्ही खोल्यांना चुना दिला, तसबिरी काढून टाकल्या. लाकडी पलंग काढून लोखंडी घेतले, कारण त्यांना सांधे कमी. सोळा चादरी घेतल्या, साऱ्या पांढऱ्या. रंगीत चादरीवर डाग दिसत नाही म्हणून लोक रंगीत घेतात, मी त्याच कारणासाठी पांढऱ्या घेतल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आकडा घातला आहे, कोणती केव्हा धुतली ते वहीत मांडते. वाळवायला मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली आहे. कोणी गादी उचलून पाहिली तर मीच दुसरी बाजू धरते.

हल्ली उतारूचे ओळखपत्र पाहून नाव लिहून घ्यावे लागते, आणि त्यावर आडनाव असतेच. सासूबाई ते कार्ड हातात घेत नाहीत. “तूच बघ,” म्हणतात, आणि आलेल्या माणसांसाठी चहा ठेवायला आत जातात.